वर्गातून लिहिलेला इतिहास: सोलापूर आणि मराठीचे वाङ्मयेतिहासकार

१९४१ साली सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, वि. स. खांडेकर अध्यक्ष होते. त्याच वर्षी लक्ष्मण रामचंद्र पांगारकर वारले. बार्शी तालुक्यातल्या चिखर्ड्यात जन्मलेल्या या माणसाने 'मराठी वाङ्मयाचा इतिहास' या ग्रंथाचा तिसरा खंड दोनच वर्षांपूर्वी हातावेगळा केला होता. सोलापूरचे डी. ए. व्ही. महाविद्यालय, ज्याला सारे गाव दयानंद कॉलेज म्हणते, ते तेव्हा जेमतेम वर्षभराचे होते. आणि तिकडे युरोपात, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, जॉर्जे कालिनेस्कू या रुमानियन प्राध्यापकाने आपल्या भाषेच्या साहित्याचा आरंभापासून त्या दिवसापर्यंतचा भलाथोरला इतिहास प्रसिद्ध केला.

चार गोष्टी एका वर्षात जवळ आल्या, हा योगायोगच. पण त्यांतून एक प्रश्न समोर येतो. भाषेच्या साहित्याचा इतिहास लिहितो कोण, आणि कुठे बसून? कालिनेस्कू तो ग्रंथ लिहीत होते तेव्हा राजधानीत नव्हते, याश या ईशान्येकडच्या शहरातल्या विद्यापीठात शिकवत होते. सोलापूरशी नाते असलेल्या मराठी अभ्यासकांकडे पाहिले की हेच चित्र दिसते. एखाददुसऱ्याचा अपवाद सोडला तर सगळ्यांनी आयुष्यभर वर्गात उभे राहून शिकवले, परीक्षेचे पेपर तपासले आणि उरलेल्या वेळात पोथ्या, शिळा, बखरी वाचल्या. मराठीचा वाङ्मयेतिहास पुण्या-मुंबईत छापला गेला हे खरे. पण त्याचे बरेचसे वाचन सीमेवरच्या गावांत झाले, आणि त्या गावांच्या अनेकभाषी वस्तीने या इतिहासाला वळण दिले, असे माझे म्हणणे आहे. सोलापूर हे त्याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण.

सोलापूरची भाषा कोणती, असे विचारले तर सोलापूरकर आधी विचारील, कुठल्या पेठेतली? बाराव्या शतकात इथे सिद्धरामेश्वरांनी तळे बांधले आणि कन्नडमध्ये वचने रचली. संक्रांतीची गड्डा यात्रा अजून त्यांच्याच नावाने भरते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात तेलुगू वसवली. उर्दू बाजारात आहे, मारवाडी-गुजराती पेढ्यांवर आहे, आणि या सगळ्यांचा व्यवहार जिच्यावर चालतो ती मराठी आहे. १९३० मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉनंतर जानेवारी १९३१ मध्ये फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांची नावे नुसती ओळीने वाचली तरी या शहराची वस्ती कळते. अशा गावात मराठीचा मास्तर वर्गात उभा राहतो तेव्हा समोरच्या निम्म्या पोरांच्या घरी मराठी बोलली जात नसते. त्यांना ज्ञानेश्वरी शिकवायची तर भाषा कुठून आली, कशी बदलली, कोणाकडून काय उचलले, हे सांगितल्यावाचून पुढे जाताच येत नाही.

या जिल्ह्यातच मराठीच्या सुरुवातीचा एक दगडी पुरावा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात एक छोटासा, जेमतेम अडीच ओळींचा लेख कोरलेला आहे. 'स्वस्ति'ने सुरू होणारा, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा. पुढे कालयुक्त संवत्सर येते, माघ महिना येतो, आणि शेवटी मराठी. हा लेख जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा शेवट. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाचणाऱ्याला दिलेला हा आशीर्वाद आहे. मराठीच्या पहिल्यावहिल्या लेखांपैकी एकाने वाचकाचा विचार करावा, याचे मला फार अप्रूप वाटते. हा लेख उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. ते विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून त्यांनी जिल्ह्यातले शिलालेख शोधले, ठसे घेतले, वाचले. वर ज्या अपवादांचा उल्लेख केला त्यांतला हा एक, पण त्यांच्याकडून शिकलेल्यांची संख्या एखाद्या प्राध्यापकाहून कमी नसावी.

कुडलच्या लेखाचे मोल कळायला आधीचा वाद आठवावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवले गेले की मराठीचे पहिले वाक्य श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी आहे. पुढे अलिबागजवळच्या अक्षीचा लेख पुढे आला. त्याचा शक ९३४ वाचला तर तो १०१२ चा ठरतो, पण त्या आकड्यांच्या वाचनावर मतभेद आहेत. कुडलचा शक स्वच्छ आहे. आता 'पहिला कोण' हा प्रश्न गावाभिमानाचा होऊन बसला की अभ्यास मागे पडतो. खरी मोलाची गोष्ट निराळीच आहे. हे तिन्ही लेख सीमेवरचे आहेत. एक कर्नाटकात खोल, एक कोकणकिनाऱ्यावर, एक कन्नड मुलखाच्या उंबऱ्यावर. मराठी लेखनाचा आरंभ जिथे दुसरी भाषा कानावर पडत होती तिथे सापडतो. रुमानियन भाषेचेही असेच आहे. तिचा सर्वांत जुना तारखेचा मजकूर म्हणजे १५२१ साली कुंपुलुंगच्या न्याक्षू नावाच्या व्यापाऱ्याने ब्राशोव्हच्या जर्मन नगराध्यक्षाला लिहिलेले पत्र, तुर्कांच्या हालचालींची खबर देणारे. लिपी सिरिलिक, सुरुवातीची आणि शेवटची शिष्टाचाराची वाक्ये स्लाव्होनिक, मधला कामाचा मजकूर तेवढा रुमानियन. कुडलच्या शिळेवर वर 'स्वस्ति' आणि खाली मराठी. थोरांच्या भाषेत नमस्कार करायचा आणि आपल्या भाषेत काम सांगायचे, ही रीत दोन्हीकडे एकच.

पांगारकरांचा इतिहास या वाटेने गेला नाही. १८७२ चा जन्म. काही काळ शिक्षकी केली आणि मग १९०७ मध्ये 'मुमुक्षु' हे नियतकालिक सुरू करून प्रवचन, कीर्तन आणि चरित्रलेखन हेच व्रत घेतले. मोरोपंतांचे चरित्र १९०८ मध्ये आले, त्यामागून एकनाथ, ज्ञानेश्वर, तुकाराम. १९३२, १९३५ आणि १९३९ अशा तीन टप्प्यांत वाङ्मयेतिहासाचे खंड निघाले. आज हे खंड वाचताना त्यांतली भक्ती आधी डोळ्यांत भरते. कवी त्यांच्यासाठी संत आहे, आणि संत हा पारखायचा विषय नसून नमस्काराचा आहे. परंपरेतली आख्यायिका आणि कागदावरचा पुरावा यांना ते एका पंगतीला बसवतात. हा दोष मोठा आहे, तो झाकू नये. तरीही पांगारकरांचे एक देणे नंतरच्या कोणालाच पुरते फेडता आले नाही. त्यांना हे साहित्य कानांनी माहीत होते. आर्या कीर्तनात कशी उभी राहते, अभंगाला टाळकरी कुठे थांबतो, हे ज्याने स्वतः केले आहे त्याचे वाचन वेगळे असते. मोरोपंत आणि सोलापूरचा शाहीर राम जोशी यांची जी गाठ परंपरेने सांगितली, तमाशाच्या फडातून कीर्तनाकडे वळवणारी, ती पांगारकरांच्या जगात सहज बसते. राम जोशी लावणी संस्कृतातही रचत असे. त्याच्यासारखा माणूस पंत आणि शाहीर या दोन कप्प्यांत मावत नाही, हे सोलापुरात वाढलेल्याला मुद्दाम सांगावे लागत नाही.

शंकर गोपाळ तुळपुळे हे या सगळ्या मंडळींतले सर्वांत शिस्तीचे. त्यांच्यावर जरा जास्त थांबावेसे वाटते. जन्म १९१४ चा. पुणे विद्यापीठात जाण्याआधी त्यांनी सोलापूरच्या दयानंद कॉलेजात मराठी शिकवली. 'यादवकालीन मराठी भाषा' हा त्यांचा प्रबंध १९४२ मध्ये ग्रंथरूपाने आला, 'पाच संतकवी' १९४८ मध्ये. वि. ल. भाव्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'ला त्यांनी पुरवणी जोडली, १९५१ च्या आवृत्तीत. ही पुरवणी म्हणजे इतिहासकाराच्या स्वभावाचा उत्तम नमुना. आधीच्या माणसाचे घर न पाडता त्याला नव्या खोल्या बांधायच्या, भाव्यांना जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते त्यांच्याच पुस्तकात जागच्या जागी बसवायचे. स्वतःच्या नावाचा नवा इतिहास लिहून भावे मागे टाकणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते केले नाही.

१९६३ चा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा त्यांचा ग्रंथ मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मराठीचा इतिहास ज्ञानेश्वरांपासून सुरू करण्याची आपली जुनी सवय. ज्ञानेश्वरी हे एकदम पूर्ण फुललेले झाड आहे, त्याच्या मुळांचा शोध घ्यायचा तर दानपत्रे आणि शिळा वाचाव्या लागतात, हे त्यांनी पानोपान दाखवले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला शके ११९५ ते ११९९ दरम्यानचा 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' घ्या. देवळाला दान देणाऱ्यांची नावे आणि रकमा, एवढाच त्याचा विषय. कविता म्हणून त्यात काही नाही. पण नावांखाली नावे वाचत गेले की यादवकाळातला पंढरपूर डोळ्यांपुढे येतो. कुठकुठून माणसे येत होती, विभक्तीचे प्रत्यय कसे लागत होते, पैशाला काय म्हणत होते. ज्ञानेश्वरीच्या जेमतेम तेरा ते सतरा वर्षे आधीची, रोजच्या व्यवहाराची मराठी इथे आहे. ज्या भाषेत दान मोजले जात होते तीच भाषा पुढे तत्त्वज्ञान बोलायला उभी राहिली.

निंबाळच्या गुरुदेव रा. द. रानड्यांचे तुळपुळे शिष्य. निंबाळ सोलापूर-विजापूर रेल्वेच्या वाटेवर आहे, म्हणजे पुन्हा त्या भाषासीमेवरच. गुरूवर त्यांनी ग्रंथही लिहिला. श्रद्धा आणि संशोधन यांचा पांगारकरांच्या लेखनात जो गुंता होतो तो तुळपुळ्यांच्या लेखनात का होत नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की त्यांनी श्रद्धेला विषय निवडू दिला, निष्कर्ष निवडू दिला नाही. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या वाङ्मयेतिहासाचा आरंभापासून १३५० पर्यंतचा पहिला खंड त्यांनी संपादित केला, आणि १९७९ मध्ये जर्मनीत निघालेल्या भारतीय साहित्याच्या इतिहासमालेत प्राचीन मराठी साहित्यावरचा इंग्रजी भाग लिहिला. १९९४ मध्ये ते गेले. ॲन फेल्डहाऊस यांच्यासह केलेला जुन्या मराठीचा कोश त्यांच्या मागे, १९९९ मध्ये छापून झाला. आज अमेरिकेतला किंवा जपानमधला एखादा विद्यार्थी लीळाचरित्र उघडतो तेव्हा शब्द अडला की तो या कोशाकडे जातो.

महानुभाव पंथाच्या लीळाचरित्राचे नाव आले की यू. म. पठाण आठवतात. सोलापुरात शिकून ते पुढे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात गेले, आणि तिथेच त्यांचे मोठे काम झाले. १९९० च्या पुणे संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची महानुभावांवरची पुस्तके सगळ्यांना ठाऊक आहेत, पण सोलापूरच्या संदर्भात मला 'मराठी बखरीतील फार्सीचे स्वरूप' हे पुस्तक अधिक बोलके वाटते. बखर म्हणजे मराठी गद्याचा अभिमानाचा ठेवा. तो उघडून त्यात फार्सी किती आणि कशी मुरली आहे हे त्यांनी शांतपणे दाखवले. पेशवा, फौज, जमीन, वसूल, कागद, दफ्तर: यांतला एकेक शब्द काढत गेलो तर बखर लिहिताच येणार नाही. मुसलमान संतकवींच्या मराठी रचनांचाही त्यांनी मन लावून शोध घेतला. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे त्या परंपरेतले ठळक नाव. पठाणांनी हे सगळे कुठलाही आव न आणता, केवळ पुराव्याच्या बळावर मांडले. 'मराठी कोणाची' या आजच्या भांडणात ही पुस्तके हाताशी असलेली बरी.

निर्मलकुमार फडकुले मात्र सोलापुरातच राहिले. जन्म १९२८, मृत्यू २००६. वडील पंडित जिनदासशास्त्री फडकुले हे जैन आगमांचे व्यासंगी, त्यामुळे प्राकृत आणि संस्कृत घरात बोलल्यासारखी होती. संगमेश्वर कॉलेज १९५३ मध्ये निघाले, आणि या कॉलेजाच्या मराठी विभागाचे नाव फडकुले सरांशी जोडले गेले ते कायमचे. शहरातले सभागृह आज त्यांच्या नावाचे आहे. 'लोकहितवादी: काल आणि कर्तृत्व' हा त्यांचा मोठा अभ्यास. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये लिहिलेली शतपत्रे ही संताप आणि कळवळा यांनी भरलेली पत्रे आहेत, आणि त्यांतला संताप वेचून उद्धृत करण्याचीच आपल्याकडे रीत. फडकुल्यांनी काळाची चौकट उभी केली, म्हणून संतापामागचा कळवळाही दिसला. संतसाहित्यावरची त्यांची व्याख्याने ऐकलेली पिढी सोलापुरात अजून आहे. ग्रंथ आणि व्याख्यान यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही. काही समीक्षकांना त्यामुळे त्यांचे लेखन वक्तृत्वाकडे झुकलेले वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. पण गिरणीचा भोंगा वाजल्यावर सुटलेला कामगार ज्या गावात तुकोबांवरच्या भाषणाला येऊन बसे, तिथे बोलणे हाही इतिहास सांगण्याचाच प्रकार होता.

फडकुल्यांच्या मागे सोलापूरचे आणखी एक दालन आहे, ज्याची दखल मराठीच्या अभ्यासकांनी उशिरा घेतली. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जैन संस्कृति संरक्षक संघ आणि जीवराज जैन ग्रंथमाला इथे उभी राहिली. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग निघाला, आणि जगभरच्या प्राकृत अभ्यासकांना सोलापूर हे पत्त्यावरचे गाव म्हणून माहीत झाले. याच मालेत विद्याधर जोहरापूरकरांनी गुणकीर्तींचे 'धर्मामृत' हे जुने मराठी पुस्तक संपादित केले. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी 'प्राचीन मराठी जैन साहित्य' लिहिले. या कामाआधीचे वाङ्मयेतिहास वाचले तर मध्ययुगीन मराठी म्हणजे वारकरी, महानुभाव, रामदासी आणि पंडित, एवढीच यादी दिसते. जैन मराठी तिथे कोपऱ्यात उभी होती. ती मधोमध आणायला एका व्यापारी गावातल्या दानशूर घराण्याचा पैसा आणि काही मास्तरांचे डोळे लागले.

गो. मा. पवारांची वाट या सगळ्यांपेक्षा निराळी. मोहोळ तालुक्यातल्या नरखेडचे, १९३२ चे. अध्यापन औरंगाबादला आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. निवृत्तीनंतर सोलापुरात राहिले आणि २०१९ मध्ये तिथेच वारले. विनोदाच्या तत्त्वावर लिहिणारा हा समीक्षक उत्तरायुष्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या चरित्राकडे वळला, आणि २००४ मध्ये आलेल्या त्या चरित्राला २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म. द. हातकणंगलेकरांसोबत त्यांनी संपादिलेला 'मराठी साहित्य: प्रेरणा व स्वरूप' हा १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांचा आढावा. जवळच्या काळाचा इतिहास लिहिणे अवघड, कारण माणसे हयात असतात आणि रागावतात. त्या ग्रंथात ही अडचण चांगली हाताळली आहे. शिंद्यांचे चरित्र इथे सांगण्याचे कारण मात्र वेगळे. शिंदे जमखंडीचे, कन्नड येणारे, आणि त्यांनी कानडी-मराठीच्या संबंधांवर संशोधनपर लेखन केले आहे. समाजसुधारक म्हणून त्यांचे नाव घेताना ही बाजू आपण विसरतो. पवारांना ती दिसली, कारण ते त्याच मुलखातले होते.

एका गोष्टीची नोंद इथे केली पाहिजे. सोलापूरची कॉलेजे आधी मुंबई विद्यापीठाकडे होती, १९४९ नंतर पुण्याकडे, १९६२ पासून कोल्हापूरकडे, आणि २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, जे आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव लावते. म्हणजे वर सांगितलेल्या बहुतेकांनी परगावी ठरलेला अभ्यासक्रम शिकवला. त्यांच्या आजूबाजूचे साहित्य त्या अभ्यासक्रमात नव्हते. मार्शल लॉच्या काळात लिहिणारे कवी कुंजविहारी, राम जोशी, गिरणगावची गाणी, सिद्धरामेश्वरांची वचने हे सगळे वर्गाबाहेर होते, आणि तरी मास्तरांच्या बोलण्यात येत राहिले. मारुती चितमपल्ली सोलापूरच्या तेलुगू घरातले, अरण्यावर मराठीत लिहिणारे. २००६ मध्ये सोलापुरात संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. एवढ्या एका नावातसुद्धा अभ्यासाला कितीतरी काम आहे.

मग शिल्लक काय राहिले? प्रत्येकाने एकेक धागा घेतला. तुळपुळ्यांनी शिळा, पठाणांनी फार्सी आणि महानुभाव, फडकुल्यांनी जैन आणि संत, पवारांनी प्रबोधन, कुंभारांनी जिल्ह्याचे लेख. हे धागे एकत्र विणणारा, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांना एकमेकींच्या शेजारी ठेवून लिहिलेला सोलापूरचा वाङ्मयेतिहास हवा आहे. शुभराय महाराजांपासून सुरुवात करता येईल. कर्नाटकातून येऊन सोलापुरात स्थायिक झालेला हा साधू चित्रकार होता, आणि कन्नड आणि मराठी दोन्हींत रचना करणारा कवी. त्याचा मठ गावात आहे. कन्नड वाङ्मयेतिहास त्याचा एक अर्धा भाग पाहणार आणि मराठी दुसरा. पूर्ण माणूस पाहायचा तर दोन्ही लिप्या वाचता येणारा आणि चित्रेही पाहणारा अभ्यासक लागेल. सोलापूरच्या कॉलेजांत अशी मुले बसतात, घरी कन्नड बोलणारी आणि पदवीला मराठी घेणारी. त्यांना पीएच.डी.साठी विषय सुचवताना मार्गदर्शकांनी शुभरायांच्या मठाचा, जीवराज ग्रंथमालेच्या भांडाराचा आणि कुडलच्या शिळेचा पत्ता आधी सांगावा.